जोखमी हुंडी ते युद्धजोखीम : ओखामंडळाचा किनारा आणि सागरी विमा

बडोदे शहराला समुद्र नाही. बडोदे राज्याला मात्र होता. गायकवाडांचा मुलूख एकसंध नव्हता, हे आपण जाणतोच. नवसारी प्रांतात बिलिमोरा, काठेवाडच्या दक्षिण टोकाशी कोडीनारजवळचे वेलण आणि अगदी पश्चिमेस द्वारका, बेट व ओखा अशी या राज्याची बंदरे अरबी समुद्राकडे तोंड करून उभी होती. बिलिमोऱ्यास गायकवाडांचे आरमार असे व त्यावरील अंमलदारास ‘सुभा आरमार’ म्हणत. तरीही बडोद्याच्या इतिहासावर लिहिताना आपण मंडळी राजवाडे, ग्रंथालये, संगीतशाळा आणि कुस्तीचे आखाडे यांच्यापलीकडे क्वचितच जातो. या शताब्दी ग्रंथात सागरी विम्यासारखा रुक्ष विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु समुद्रावर बुडालेल्या मालाचे पैसे कोणी सोसावयाचे, हा प्रश्न आपल्या किनाऱ्याने फार पूर्वी विचारला आणि आपल्या परीने सोडविलाही होता. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘विमा’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. ‘जोखीम’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत : एक धोका आणि दुसरा, जवळ बाळगलेला मौल्यवान ऐवज. प्रवासास निघालेल्या माणसाला ‘जवळ जोखीम आहे काय?’ असे वडीलधारी माणसे अजूनही विचारतात. ज्या भाषेने ऐवज आणि धोका यांस एकच नाव दिले, त्या भाषेला विम्याचे तत्त्व वेगळे शिकविण्याची फारशी गरज नव्हती. खुष्कीच्या मार्गावर हुंडेकरी नावाचा धंदेवाईक असे. मालाची वाहतूक आणि वाटेवरील सर्व जकाती यांचा तो एकरकमी मक्ता घेई व ‘हुंडाभाडे’ ठरवून माल मुक्कामी पोहोचवी. समुद्रावरील धोक्याचा विचार तर याहूनही जुना आहे. मनुस्मृतीत समुद्रप्रवासाच्या जाणकारांनी ठरविलेले व्याज मान्य केले आहे. याज्ञवल्क्याने अरण्यातून जाणाऱ्या ऋणकोस शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यास शेकडा वीस असा दर सांगितला आहे. मुद्दलच बुडण्याची भीती जेथे अधिक, तेथे व्याज दुप्पट. आजचा विमाशास्त्रज्ञ याहून निराळे काय करतो?

या विचाराला व्यवहाराचे सर्वांत सुबक रूप मिळाले ते गुजरात, कच्छ व काठेवाडच्या सराफी पेढ्यांत रूढ असलेल्या ‘जोखमी हुंडी’त. शाहजोग, धनीजोग इत्यादी हुंड्या वाचकांस ऐकून तरी ठाऊक असतील. जोखमी हुंडी यांहून वेगळी. समजा, कच्छच्या मांडवीतील एका व्यापाऱ्याने गलबतात कापूस भरून मुंबईच्या आडत्याकडे रवाना केला. मालाची किंमत हजार रुपये. तो आडत्यावर हजाराची हुंडी लिहून ती मांडवीतच सराफाला विकी. सराफ त्याला, उदाहरणार्थ, साडेनऊशे रुपये रोख देई. गलबत सुखरूप मुंबईस लागले, तर आडत्याने हुंडी सकारून हजार रुपये सराफाच्या माणसास द्यावयाचे. गलबत बुडाले, तर आडत्याने एक पैही द्यावयाची नाही आणि मांडवीच्या व्यापाऱ्यानेही घेतलेले साडेनऊशे परत करावयाचे नाहीत. गेले ते सराफाचे गेले. मधल्या पन्नास रुपयांत व्याजही आले आणि विम्याचा हप्ताही. एका कागदात कर्ज, पैसे पाठविण्याची सोय आणि विमा ही तिन्ही कामे उरकत. या हुंडीचे तंटे पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्याने पहिल्याच कलमात देशी भाषांतील हुंड्यांच्या रूढीला बाधा न आणण्याचे धोरण ठेवले. इंग्रज कायदेपंडितांनी आपल्या एखाद्या व्यवहाराला असा मान देण्याचे प्रसंग थोडेच.

पन्नास रुपये कापावयाचे की ऐंशी, हे सराफ कशावरून ठरवी? त्याच्यापाशी कोष्टके नव्हती, माहिती होती. कोटिया कोणत्या साली बांधला, त्याचे लाकूड मलबारचे की वलसाडच्या बाजूचे, नाखवा कोणाचा मुलगा, त्याने आधी किती गलबते वाचविली वा घालविली, मालक कर्जात आहे काय, हे सारे त्याला बंदरावरच कळे. ऋतू तर ठरलेलाच होता. ज्येष्ठात दर्या बंद होई आणि नारळी पौर्णिमेनंतर उघडे. या दोन टोकांजवळची सफर महाग. आणि चौथी गोष्ट म्हणजे चाचे.

येथे गायकवाडांचा संबंध येतो. ओखामंडळचे वाघेर हे शूर दर्यावर्दी होते आणि कच्छच्या आखाताच्या तोंडाशी बसलेले असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर त्यांचा हात पडे. १८०७ मध्ये कर्नल वॉकरने काठेवाडची व्यवस्था लावली, त्या सुमारास ओखामंडळच्या ठाकुरांकडून चाचेगिरी सोडण्याचे आणि व्यापाऱ्यांना भरपाई देण्याचे करार लिहून घेण्यात आले. करार कागदावरच राहिले. मग फौजा आल्या, आणि १८१७ च्या तहाने ओखामंडळ व बेट हे गायकवाडांकडे देण्यात आले. १८२० मध्ये कर्नल स्टॅनहोपला द्वारकेवर पुन्हा चालून जावे लागले, आणि १८५७ नंतरच्या काही वर्षांत जोधा माणेक व मुळू माणेक यांच्या नेतृत्वाखाली वाघेर पुन्हा उठले. या उठावाकडे केवळ लूटमार म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. काठेवाडात ते आजही वीर म्हणून गायिले जातात. परंतु सराफाच्या वहीत याचा अर्थ सरळ होता. समुद्र राखण्याची जबाबदारी कोणत्या तरी सरकारावर पडली की हुंडीचा कसर उतरे. सरकार ढिले पडले की तो चढे. विम्याचा दर हा राज्यकर्त्याच्या दराऱ्याचा हिशेब असतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

वाफेच्या जहाजांनी हे जग बदलले. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जमणाऱ्या लोकांनी सुरू केलेला विम्याचा धंदा एव्हाना साऱ्या जगाच्या जहाजांचा हिशेब ठेवू लागला होता, आणि मुंबईच्या पेढ्या त्याच्या अडत्या बनल्या. आगबोट सुरक्षित, अशी लोकांची समजूत झाली. ती समजूत १८८८ च्या नोव्हेंबरात बुडाली. मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’, विजेच्या दिव्यांमुळे जिला लोक ‘वीजळी’ म्हणत, द्वारकेवरून पुढे गेली. वादळामुळे पोरबंदरला ती लागू शकली नाही, आणि त्यानंतर ती कोणालाच दिसली नाही. सातशेंहून अधिक माणसे तिच्यावर होती. ना सांगाडा सापडला, ना प्रेत. चौकशीत जीवरक्षणाची साधने अपुरी असल्याचे निष्पन्न झाले. जोखमी हुंडी वटविणाऱ्या सराफाने अशा वेळी काय करावे? जहाज पोहोचले नाही एवढेच ठाऊक. बुडाले याचा पुरावा नाही. सागरी विम्याच्या कायद्याने यावर तोडगा काढला आहे : वाजवी मुदतीत बातमी न आलेले जहाज संपूर्ण बुडाले असे मानावे. इंग्लंडच्या १९०६ च्या कायद्यात ते अठ्ठावन्नावे कलम आहे आणि आपल्या १९६३ च्या कायद्यातही अठ्ठावन्नावेच. पैशाचा प्रश्न असा सुटतो. ‘वीजळी’वर गेलेल्यांच्या बायकांनी मात्र किती वर्षे वाट पाहावी, हे कोणत्याच कलमात नाही.

सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत बडोद्याने समुद्राकडे नव्याने पाहिले. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. १९२६ मध्ये ओखा बंदर सुरू झाले. आखाताच्या तोंडाशी खोल पाणी आणि पाठीशी रेल्वे, अशी त्याची जागा होती. काठेवाडच्या संस्थानी बंदरांची ही भरभराट ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिजोरीस झोंबली आणि १९२७ मध्ये विरमगामची जकातरेषा पुन्हा उभी राहिली. ओख्यास उतरलेल्या मालाचा विमा आता जोखमी हुंडीने नव्हे, तर छापील पॉलिसीने उतरत असे. १९०७ मध्ये इंडियन मर्कंटाइल आणि १९१९ मध्ये न्यू इंडिया अशा देशी कंपन्या निघाल्या खऱ्या, पण पुनर्विम्याचा मोठा ओघ लंडनकडेच राहिला. १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. लंडनचे महत्त्व दोन्ही वेळी टिकून राहिले.

आता गेल्या काही दशकांकडे वळू. जहाजे वाढत गेली, आणि विमा देणाऱ्यापुढे निराळाच पेच उभा राहिला. मांडवीच्या गलबतात एकाच्या किंवा चारदोघांच्या मालकीचा माल असे. २३ मार्च २०२१ रोजी सुवेझ कालव्यात आडवे अडकलेले ‘एव्हर गिव्हन’ सुमारे चारशे मीटर लांबीचे होते आणि त्यावर हजारो मालकांचे पेटारे होते. सहा दिवसांनी ते सुटले. पुढे ‘सामायिक नुकसानी’ जाहीर झाली. म्हणजे जहाज वाचविण्यास आलेला खर्च सर्व मालधन्यांनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यावयाचा. नियम न्याय्य आहे व अतिप्राचीनही आहे. परंतु हा हिशेब पुरा होण्यास वर्षे लागतात, आणि ज्या लहान कारखानदाराने मालाचा विमाच उतरविलेला नसतो, त्याला अनामत भरल्यावाचून आपला पेटारा मिळत नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून माल परदेशी धाडणाऱ्यांनी हे एवढे तरी ध्यानात ठेवावे.

दुसरीकडे, लाकडी वहाणे अजून संपलेली नाहीत. सलाया, जोडिया, मांडवी येथील यांत्रिक वहाणे तांदूळ, साखर, गुरांचे खाद्य घेऊन आखाती देशांत आणि सोमालियाच्या किनाऱ्यावर जात आली आहेत. सोमाली चाच्यांनी ही वहाणे धरून त्यांचाच तळासारखा उपयोग चालविला, तेव्हा २०१० च्या मार्चअखेर भारताच्या नौवहन महासंचालनालयाने सलाला व माले यांना जोडणाऱ्या रेषेच्या दक्षिणेस व पश्चिमेस जाण्यास त्यांना मनाई केली. मोठ्या जहाजांना जादा हप्ता भरून, सशस्त्र पहारेकरी ठेवून जाता येत होते. खारव्याच्या वहाणाला तो खर्च झेपणारा नव्हता. चाचे दोघांनाही सारखेच, पण धोक्याची किंमत ज्याला देता येत नाही त्याचा मार्गच बंद होतो. एके काळी ज्यांच्या पूर्वजांच्या नावावर सराफ हुंडी घेत, त्यांचे हे वंशज.

आपल्या शहराशी याचा आजचा संबंध तेलातून येतो. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ पासून चालू आहे. परदेशी कच्चे तेल ओखामंडळाच्या पूर्वेस, आखाताच्या त्याच दक्षिण किनाऱ्यावर वाडीनारपाशी समुद्रातच उतरवितात आणि सलायाहून विरमगाममार्गे नळाने ते कोयलीपर्यंत येते. त्याच आखातात १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. पोवळ्यांची बेटे आहेत. तेलवाहू जहाज फुटले तर भरपाई कोणी द्यावयाची, हे आंतरराष्ट्रीय करारांनी ठरविले आहे व त्यासाठी जहाजापाशी विम्याचा दाखला असावा लागतो. जगातील सुमारे नव्वद टक्के सागरी जहाजांची ही जबाबदारी बारा परस्पर-विमा संस्थांचा एक गट घेतो. ५ डिसेंबर २०२२ पासून पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियन कच्च्या तेलासाठी पिंपास ६० डॉलरची मर्यादा घातली आणि त्याहून महाग तेल नेणाऱ्या जहाजांस आपल्या विमा कंपन्यांची दारे बंद केली. तेल थांबले नाही. जुनी जहाजे, वरचेवर बदलणारे ध्वज, अज्ञात मालक आणि अपरिचित विमा कंपन्या यांचा एक निराळाच ताफा उभा राहिला. नाखव्याच्या बापाचे नाव ठाऊक असणारा सराफ कोठे, आणि मालक कोण हेच कळू न देणारे हे जहाज कोठे!

धोका दूरचा नाही. २५ मे २०२५ रोजी कोचीनजीक ‘एमएससी एल्सा ३’ हे लायबेरियन ध्वजाचे जहाज सहाशेंहून अधिक पेटाऱ्यांसह बुडाले. त्यांपैकी तेरांत घातक माल होता. प्लास्टिकचे दाणे किनाऱ्यावर वाहून आले, आणि केरळ सरकारने ९,५३१ कोटी रुपयांच्या भरपाईसाठी उच्च न्यायालयात दावा लावला. तेथे मालकाचे व विमा देणाऱ्यांचे नाव माहीत होते, म्हणून दावा तरी लावता आला.

आणि चाचेगिरीचे नवे रूपही आपल्याच पाण्यात दिसले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथींनी ‘गॅलक्सी लीडर’ पळविले. पुढील आठवड्यांत तेथून जाण्याचा युद्धजोखमीचा हप्ता जहाजाच्या किमतीच्या शेकडा एकाच्या आसपास चढला, आणि अनेक कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालणे पसंत केले. २३ डिसेंबर रोजी ‘केम प्लुटो’ या जहाजावर मानवरहित विमानाने हल्ला झाला; ते स्थळ गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर होते. आग विझली, माणसे वाचली, तटरक्षक दलाच्या ‘विक्रम’ने सोबत केली व दोन दिवसांनी जहाज मुंबईस लागले. नौदलाने अरबी समुद्रात ‘मार्मगोवा’, ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ या विनाशिका पाठविल्या. १८१७ मध्ये ओखामंडळ गायकवाडांच्या हवाली झाले ते याच कामासाठी. बिलिमोऱ्याचा सुभा आरमारही याच कामाचा पगार घेत असे.