कारखान्यातील गुणवत्तेसाठी मूलभूत संख्याशास्त्र : कुठून सुरुवात करावी?

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत मोठ्या वाहन उद्योगांना सुटे भाग पुरवणारे अनेक लहान-मोठे कारखाने आहेत. ग्राहक कंपनीकडून माल परत आला की यातल्या बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो : मशिनवर कोण होते? खरे तर आधी विचारायला हवे की हा दोष नेहमीच्या चढउतारातला आहे की काही वेगळे घडले आहे. त्याचे उत्तर अंदाजाने मिळत नाही. त्यासाठी थोडे संख्याशास्त्र लागते आणि ते दहावीच्या गणितावर शिकता येते.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे वॉल्टर शूहार्ट यांनी मे 1924 मध्ये पहिला नियंत्रण तक्ता मांडला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत जपानने उचलली. 1950 मध्ये डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी तिथे व्याख्याने दिली आणि पुढे काओरू इशिकावा यांनी सोपी साधने थेट कामगारांच्या हाती दिली. भारतातही सुरुवात उशिरा झाली नव्हती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती आणि त्यांच्याच पुढाकाराने शूहार्ट 1947-48 मध्ये भारतात येऊन गेले. 1982 मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि कामगारांचे छोटे गट एकत्र बसून प्रश्न सोडवू लागले.

पायरी 1 : मोजमाप तपासा

आकडे चुकीचे असतील तर पुढचे सगळे गणित वाया जाते. साधा नियम असा की टॉलरन्सच्या एकूण पट्ट्याच्या दहाव्या भागापर्यंत वाचू शकणारे साधन वापरावे. पट्टा 0.10 मिमी असेल तर 0.01 मिमी वाचणारा मायक्रोमीटर चालेल. 0.02 मिमी वाचणारा व्हर्नियर चालणार नाही. एकच पीस दोन जणांना प्रत्येकी तीनदा मोजायला द्या. वाचनांत मोठा फरक पडला, तर आधी साधन आणि मोजण्याची पद्धत सुधारा.

पायरी 2 : कोणता दोष आधी हाताळायचा?

समजा, महिन्याभरात 200 पीस रिजेक्ट झाले. तपासणी पत्रकावर दोषांची नोंद अशी आहे :

- बोअर मोठे : 92
- बर राहिली : 58
- ओरखडे : 26
- आटे चुकीचे : 14
- इतर : 10

पहिले दोन दोष मिळून 150, म्हणजे 75 टक्के होतात. मोठ्यापासून लहानाकडे असे स्तंभ काढले की पॅरेटो आलेख तयार होतो. पाचही दोषांच्या मागे एकाच वेळी धावण्यापेक्षा पहिल्या दोनांवर लक्ष दिले तर त्याच मेहनतीत जास्त फरक पडतो. मात्र एखादा दोष संख्येने कमी असूनही सुरक्षिततेशी संबंधित असेल, तर तो आधीच घ्यावा.

पायरी 3 : सरासरी आणि पसारा

ड्रॉइंगवर बुशचा व्यास 20.00 ± 0.05 मिमी आहे असे धरू. दर तासाला सलग पाच पीस मोजायचे. एका तासाची वाचने अशी : 20.01, 20.03, 19.99, 20.00, 20.02. बेरीज 100.05 आणि सरासरी 20.01. सर्वांत मोठ्या वाचनातून सर्वांत लहान वजा केले की 0.04 येते. ही रेंज, म्हणजे पसारा. सरासरीवरून मशिनचे सेटिंग कळते आणि रेंजवरून मशिन किती डळमळते ते कळते. नुसती सरासरी पाहणारा माणूस हमखास फसतो.

पायरी 4 : नियंत्रण तक्ता

असे 20 ते 25 गट झाले की सर्व सरासऱ्यांची सरासरी काढा. ती 20.010 आणि सरासरी रेंज 0.040 आली असे समजू. पाचाच्या गटासाठी ठरलेला गुणक 0.577 आहे.

वरची मर्यादा : 20.010 + (0.577 × 0.040) = 20.033
खालची मर्यादा : 20.010 − (0.577 × 0.040) = 19.987

रेंजची वरची मर्यादा 2.114 × 0.040, म्हणजे सुमारे 0.085.

या मर्यादा पाचांच्या सरासरीसाठी आहेत, एकेका पीससाठी नाहीत. म्हणून या तक्त्यावर ड्रॉइंगची टॉलरन्स कधीही आखू नये. बिंदू मर्यादेबाहेर गेला किंवा सलग आठ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले, तर कारण शोधा : इन्सर्ट झिजला का, मालाचा लॉट बदलला का, शिफ्ट बदलताना सेटिंग हलले का?

आणि तसे काही दिसत नसेल, तर हात लावू नका. हे शिकणे सर्वांत कठीण जाते. स्थिर प्रक्रियेत प्रत्येक पीसनंतर फरक पाहून तेवढाच ऑफसेट बदलत राहिले, तर प्रमाण विचलन सुमारे 41 टक्क्यांनी वाढते. ऑपरेटर मन लावून काम करत असतो आणि माल मात्र बिघडत जातो.

पायरी 5 : प्रक्रिया स्थिर आहे, पण पुरेशी आहे का?

सरासरी रेंजला 2.326 ने भागले की प्रमाण विचलनाचा अंदाज मिळतो : 0.040 ÷ 2.326 = 0.0172. टॉलरन्सचा पट्टा 0.10 आहे. त्याला सहापट विचलनाने, म्हणजे 0.1032 ने, भागले की सीपी 0.97 येतो. सरासरी मध्यापासून 0.010 ने सरकलेली असल्याने सीपीके आणखी कमी भरतो : 0.04 ÷ 0.0516 = सुमारे 0.78. वाहन उद्योगातील ग्राहक सहसा किमान 1.33 मागतात.

याचा अर्थ नीट पाहा. तक्त्यावर सगळे बिंदू मर्यादेत असूनही काही पीस टॉलरन्सबाहेर जाणारच. सेटिंग अगदी मध्यावर आणले तरी सीपीके 0.97 च्या वर जाणार नाही. इथे ऑपरेटरला मेमो देऊन काहीच साधत नाही. स्पिंडलचे बेअरिंग, फिक्श्चर, टूलची निवड यांत सुधारणा लागेल आणि तो निर्णय व्यवस्थापनाचा आहे.

शिकायला सुरुवात कशी करावी?

एक मशिन, एक माप आणि एक महिना एवढेच घ्या. पहिल्या आठवड्यात मोजमाप तपासा, दुसऱ्यात दोषांची नोंद ठेवा आणि पुढचे दोन आठवडे तक्ता भरा. सुरुवातीला संगणक नको. आलेख कागदावर हाताने काढलेला बरा, कारण बिंदू टाकणारा माणूसच बदल आधी ओळखतो. पुढे सखोल शिकायचे असेल, तर स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी उपक्रमांवर सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रणाचे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात.

तक्ता मशिनजवळच लावा. कार्यालयातल्या फाइलमध्ये तो महिनाअखेरीस कळतो, मशिनजवळ त्याच तासाला.