हीप-तपासणी आणि थ्रेडबदल

ग्लासगो येथे निर्माण झालेल्या हॅस्केल भाषेच्या कंपायलरात हीप-तपासणी हा मूलतः स्मृतीच्या हिशेबाचा भाग होय. 1992 साली सायमन पेटन जोन्स यांनी वर्णिलेल्या यंत्ररचनेत प्रत्येक संकेतखंड आपणांस लागणारी सर्व जागा आरंभीच एकदा तपासून घेतो. ती अपुरी पडल्यास तो आपली मूल्ये सुरक्षित ठेवून नियंत्रण सोडतो. त्या क्षणी कोणते मूल्य कोठे आहे हे निश्चित असते; म्हणून स्मृतीची साफसफाई निर्धोक होते.

1996 साली समवर्ती (कॉन्करंट) हॅस्केल मांडले गेले, तेव्हा थ्रेड बदलण्यासही हेच स्थान उपयोगी पडले. पुढे घड्याळाचा ठोका पडताच जागेची मर्यादा शून्यावर आणण्याची युक्ती योजली गेली. त्यामुळे पुढची तपासणी फसतेच, आणि निराळ्या तपासणीचा खर्च वाचतो.

परंतु जे आवर्तन जागाच मागत नाही ते तपासणीपाशी येत नाही, आणि इतर थ्रेड खोळंबतात. पूर्वीच्या राळेगणसिद्धीसारख्या टंचाईच्या गावी पाणवठ्यावर पहारा बसविला, तरी पाणी भरावयास न येणारा पहारेकऱ्याच्या दृष्टीस पडावयाचा नाही. तसाच हा प्रकार. अशा ठिकाणीही तपासणी घालण्याची सोय कंपायलरात झाली. तिचे मोल मात्र प्रत्येक फेरीस द्यावे लागते.