केनेडीची बातमी आणि त्याचे धनी

वर्तमानपत्रांच्या नीतीचा विषय निघाला म्हणजे बहुधा पत्र आणि सरकार, किंवा पत्र आणि वाचक, यांच्याच संबंधांची चर्चा होते. पत्रानें आपल्या स्वतःच्या बातमीदाराशीं कसें वागावें, हा प्रश्न त्यांत क्वचितच येतो. तो पडला घरांतला प्रश्न. आणि जगाच्या घरांत डोकावणारा हा धंदा स्वतःच्या घराचें दार मात्र लावूनच घेतो. तथापि १९४५ च्या मे महिन्यांत असा एक प्रसंग घडला कीं, तें दार लावून ठेवणें कोणासच शक्य झालें नाहीं.

त्या वर्षीं ७ मे रोजीं पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनीं फ्रान्समधील रीम्स शहरीं, एका शाळेच्या इमारतींत, जर्मनीच्या वतीनें जनरल योडल यानें बिनशर्त शरणागतीच्या पत्रावर सही केली. हें दृश्य पाहण्यासाठीं पॅरिसहून १७ बातमीदार विमानानें नेण्यांत आले होते. लष्करी अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत ही बातमी कोणीं फोडूं नये, असें वचन त्यांच्याकडून विमानांतच घेतलें होतें. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेचा एडवर्ड केनेडी हा त्या सतरांपैकीं एक. पुढें त्यांना सांगण्यांत आलें कीं, ८ तारखेच्या दुपारीं तीनपर्यंत बातमी दाबून ठेवावयाची आहे. याचें कारण लष्करी नव्हतें. स्टालिनला बर्लिनमध्यें शरणागतीचा दुसरा समारंभ करावयाचा होता, आणि ट्रूमन व चर्चिल यांनीं त्याची मर्जी राखण्याचें कबूल केलें होतें.

परंतु ७ तारखेलाच दुपारीं दोनच्या सुमारास उत्तर जर्मनींतील फ्लेन्सबर्गच्या रेडिओवरून खुद्द जर्मन सरकारनेंच शरणागति जाहीर केली! तो प्रदेश दोस्तांच्या कह्यांत आलेला. तेव्हां त्यांच्या संमतीवांचून असें बोलणें शक्य नाहीं, असा तर्क केनेडीनें केला. ज्याच्यासाठीं वचन दिलें तें गुपितच आतां उरलें नाहीं, मग वचन कसलें? तो सेन्सॉरकडे गेला, आपण यापुढें बांधलेले नाहीं असें त्याला तोंडावर सांगितलें, आणि नंतर सेन्सॉरच्या देखरेखीबाहेर असलेल्या एका लष्करी टेलिफोनवरून लंडनच्या कचेरीला मजकूर सांगितला. थोड्याच वेळांत ती बातमी अमेरिकेंत पोंचली आणि न्यूयॉर्कचे रस्ते माणसांनीं फुलून गेले.

केनेडीचें करणें सर्वस्वीं निर्दोष होतें, असें मी म्हणत नाहीं. वचन सतरांनीं दिलें होतें. त्यांपैकीं एकानें तें संपलें असें ठरविलें, आणि ज्यांनीं पाळलें ते मागें राहिले. शिवाय हा मजकूर सेन्सॉरला टाळून येत आहे, ही गोष्ट त्यानें लंडनच्या सहकाऱ्यांना कळविली नाहीं. धन्याला जोखमींत घालतांना धन्याला विचारलें नाहीं. हा दोष लहान नव्हे. पॅरिसमधील ५४ बातमीदारांनीं त्याच्याविरुद्ध निषेधाचें पत्रक काढलें. (त्यांचा संताप खरा होता, पण त्यांत बातमी हुकल्याची जळफळ अगदींच नव्हती असें कोण म्हणेल?) लष्करानें युरोपांतून येणारी असोसिएटेड प्रेसची बातमीपत्रें कांहीं तास बंद पाडलीं आणि केनेडीचा युद्धवार्ताहराचा परवाना काढून घेतला.

येथवर जें झालें तें परक्यांनीं केलें. घरच्यांनीं काय केलें? बातमी खरी होती, ती संस्थेच्या नांवानें जगभर गेली, आणि पहिली बातमी देण्याचा मान संस्थेच्या पदरांत पडला. तो मान कोणीं परत केला नाहीं. परंतु तीन दिवसांनीं, १० मे रोजीं, संस्थेचा अध्यक्ष रॉबर्ट मॅक्‌लीन यानें जाहीरपणें दिलगिरी व्यक्त करून हात झटकले. केनेडी तेव्हां समुद्रापलीकडे होता. त्याची कैफियत समोरासमोर बसून कोणीं ऐकली नव्हती. फळ खावें आणि झाडावर चढणाराला चोर म्हणून धरून द्यावें, यांतलाच हा प्रकार. त्याला न्यूयॉर्कला परत बोलावण्यांत आलें. तेथें त्याला ना काम दिलें, ना धड निरोप. मुख्य चालक केंट कूपर यानें त्याला कित्येक महिने तसेंच रिकामें ठेवलें, आणि वर्ष संपण्यापूर्वीं नोकरी संपुष्टांत आणली. स्पष्ट आरोप ठेवून, चौकशी करून काढून टाकणें यापेक्षां सोपें होतें असें नाहीं. पण चौकशी झाली असती तर कचेरींतल्या मंडळींनाही एक प्रश्न विचारावा लागला असता. रीम्सच्या वार्तेवर सेन्सॉरची मोहोर आहे कीं नाहीं, हें तारेवर घालण्यापूर्वीं कोणीं पाहिलें होतें? त्या काळीं सेनेच्या गोटांतून येणारा प्रत्येक शब्द सेन्सॉरखालून जात असे, हें त्या कचेरींत सर्वांना ठाऊक होतें. घाई केनेडीची, तशी त्यांचीही होती. शिक्षा एकट्याला झाली.

केनेडी गप्प बसला नाहीं. १९४८ सालीं अटलांटिक मासिकांत लेख लिहून त्यानें सांगितलें कीं, तोच प्रसंग पुन्हां आला तर आपण पुन्हां तेंच करूं. लष्करी गुपित राखण्याचें वचन वेगळें, आणि राजकारण्यांच्या सोयीसाठीं लढाई संपल्याची वार्ता लोकांपासून लपविणें वेगळें, हा त्याचा मुद्दा आजही खोडून काढणें सोपें नाहीं. पुढें कॅलिफोर्नियांतील दोन लहान शहरांच्या पत्रांचें संपादन त्यानें केलें. १९६३ सालीं मोटारीच्या अपघातांत तो वारला. आपल्या आठवणी त्यानें लिहून ठेवल्या होत्या. त्या हयातींत छापल्या गेल्या नाहींत.

त्या २०१२ सालीं, त्याच्या मुलीच्या खटपटीनें, पुस्तकरूपानें निघाल्या. त्या पुस्तकाच्या प्रास्ताविकाला असोसिएटेड प्रेसचा तेव्हांचा प्रमुख टॉम कर्ली याचा हातभार होता. आणि त्याच वर्षीं त्यानें संस्थेच्या वतीनें केनेडीची माफी मागितली. ती घेण्यास केनेडी नव्हता, आणि ज्यांनीं ती मागावयाची त्या मॅक्‌लीन व कूपर यांपैकींही कोणी उरलें नव्हतें.