शंकुपेशींचा पत्ता

माझी ताई बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते. दिवेलागण झाली की ती अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही. तिला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. या आजारात दृष्टिपटलातल्या दंडपेशी आधी जातात, म्हणजे अंधारातली नजर जाते. पुढे शंकुपेशीही जाऊ लागतात. वाचणे, रंग, माणसांचे चेहरे हे सगळे या शंकुपेशींवर.

तिच्या ईआरजी तपासणीला मी सोबत गेलो होतो. वीस मिनिटे अंधारात बसवून डोळ्यावर प्रकाशाची मंद चमक टाकली. पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट. मग लख्ख उजेडात सेकंदाला तीस वेळा लुकलुकणारा दिवा. या वेगाला दंडपेशी पुरे पडत नाहीत. बारीक लाटा उठल्या. ‘‘या शंकूंच्या,’’ तपासणारा मुलगा म्हणाला. हे कुणी आणि कसे ठरवले, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. मी शास्त्रज्ञ नव्हे. जुने शोधनिबंध शब्दकोश उशाशी घेऊन वाचण्याचा नाद तेवढा आहे.

प्रकाश पडला की डोळ्यातली वीज बदलते, हे उप्साला येथे होल्मग्रेन यांनी १८६५ साली बेडकाच्या डोळ्यावर पाहिले. पण डोळ्याबाहेरून मोजलेली लाट म्हणजे भरल्या बाजाराचा गलबला. त्यातून एका दुकानदाराचा आवाज कसा निवडायचा? १९५३ साली गुन्नार स्वेटिचिन यांनी माशाच्या दृष्टिपटलात काचेची सूक्ष्म सुई घातली आणि शंकूची वीज सापडल्याचे जाहीर केले. पुढे सुईच्या टोकाशी रंगाची खूण करून जागा तपासली गेली, तेव्हा ती वीज शंकूंच्या पलीकडच्या थरातल्या आडव्या पेशींची निघाली. पत्ता चुकला होता, मोजमाप मात्र खरे होते. त्या विजेला आजही त्यांच्याच नावाने ‘एस पोटेन्शियल’ म्हणतात. चुकीचा असा सन्मान मला फार आवडला.

खरा पत्ता टोकियोच्या केइओ विद्यापीठात त्सुनेओ तोमिता यांना लागला. कार्प माशाचे शंकू इतके बारीक की सुई शिरण्याऐवजी पेशीच बाजूला सरके. त्यांनी सुई स्थिर ठेवून दृष्टिपटलालाच खालून झटका दिला! १९६५च्या सुमारास जे दिसले ते उलटेच होते. प्रकाश पडला की पेशीतले व्होल्टेज अधिक ऋण होते, म्हणजे पेशी शांत होते. तिच्यातून प्रवाह वाहत असतो तो अंधारात. १९७० साली हेगिन्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मोठ्या भावाच्या, घुशीएवढ्या रॅटच्या, दंडपेशींत तो प्रवाह दाखवून दिला.

मग खुद्द उंदराची पाळी आली. त्याच्या प्रकाशग्राही पेशींत शंकू शेकडा तीनच. तरी तोच निवडला, कारण त्याची जनुके बदलता येतात आणि माणसाचे आजार त्याच्यात उभे करता येतात. १९९१ साली जेकब्स आणि सहकाऱ्यांनी ईआरजीच्या आधारे दाखवले की उंदराला अतिनील प्रकाशही जाणवतो. २००१ साली एनआरएल हे जनुक काढलेला उंदीर तयार झाला. त्याच्यात दंडपेशी तयारच होत नाहीत, त्यांच्या जागी शंकूंसारख्या पेशी येतात. अखेर २००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निकोनोव्ह, प्यू आणि सहकाऱ्यांनी साध्या उंदराच्या एकेका शंकूचा प्रवाह मोजला. शंकूचे टोक नाजूक, म्हणून त्यांनी पेशीचा केंद्रकाजवळचा भाग काचेच्या नळीत ओढून घेतला. सतत उजेड ठेवून दंडपेशी गप्प केल्या. हाती आला तो अँपिअरच्या लाखकोटीव्या भागात मोजावा लागणारा प्रवाह. एकाच शंकूत दोन्ही रंगद्रव्ये काम करतात, हेही त्यांना दिसले.

ताईच्या तपासणीतही हीच युक्ती होती: आधी उजेडाने दंडपेशींना गप्प करायचे, मग शंकूंचे ऐकायचे. फरक एवढाच की तिच्या दंडपेशी आधीच गप्प झालेल्या. हे सगळे मी तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘‘म्हणजे अंधारात माझ्या डोळ्यांत वीज चालूच असते?’’

उरलेल्या पेशींत असते, मी म्हणालो. पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे. सकाळची वेळ घेतली आहे.