पूर्ण डोस

कर्करोगावरच्या सिसप्लाटिनची बाटली आम्ही काळ्या कागदात गुंडाळून लावायचो, कारण उजेडाने ते औषध बिघडते. त्याआधी मूत्रपिंडे जपण्यासाठी सलाईन चढवायचे, लघवी मापाच्या भांड्यात मोजून तक्त्यावर लिहायची. उलट्या थांबवणारे ऑनडॅन्सेट्रॉन येण्यापूर्वी उलट्यांनी तरणीताठी पोरे आडवी व्हायची. तरीही वृषणाच्या कर्करोगाचा रुग्ण आला की आम्हा नर्सना हुरूप यायचा. तो बहुधा विशी-पस्तिशीतला असे, आणि बहुधा बरा होऊन घरी जाई.

हे भाग्य फार जुने नाही. पेरोने नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने सिसप्लाटिन हे संयुग १८४०च्या दशकात बनवले, पण त्याने माणूस वाचेल हे शंभरावर वर्षे कुणाला ठाऊक नव्हते. १९६५ साली मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले, ते नुसते लांबत गेले. करणी विजेची नव्हती. प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रवात उतरलेल्या संयुगांची होती. १९७४मध्ये इंडियानापोलिसला लॉरेन्स आइनहॉर्न यांनी विनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिनच्या जोडीने सिसप्लाटिन दिले. अंगभर पसरलेल्या वृषणाच्या कर्करोगातून तोवर दहात एखादा वाचायचा. पुढे दहातले सात-आठ वाचू लागले.

मग १९८१ उजाडले आणि एड्स आला. कापोसी सार्कोमा, लिम्फोमा हे एड्सचे कर्करोग म्हणून सगळ्यांच्या तोंडी झाले. सेमिनोमा हा वृषणाच्या कर्करोगाचा प्रकार त्या यादीत कधीच नव्हता. एचआयव्ही असलेल्या पुरुषांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, हे अमेरिकेत एड्सच्या आणि कर्करोगाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यावर दिसले. डॉक्टरांपुढचा पेच खरा होता: किमोने पांढऱ्या पेशी घसरतात, विषाणूने प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी आधीच खाल्लेल्या, रुग्ण जंतुसंसर्गानेच गेला तर? म्हणून डोस देताना हात आखडता घेतला जाई. नव्वदच्या दशकात अमेरिकी डॉक्टरांचे लेख आले की नेहमीची किमो या रुग्णांनाही सोसते, कर्करोगही बरा होतो. त्यांना मरण येते ते बहुधा एड्सने. १९९६मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे यश जगापुढे आले आणि तीही अडचण सुटू लागली. पण त्या औषधांसाठी वर्षाला दहा हजार डॉलर कोण आणणार?

आपल्याकडे पेच औषधाचा कमी, भीतीचा जास्त होता. १९८६मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या चमूने देशातले पहिले एचआयव्हीबाधित शोधले. १९८९मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना केवळ एचआयव्ही निघाला म्हणून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग आरोग्यधामात डांबले गेले. त्याच हवेत आमचे वॉर्ड चालत. केस पेपरवर लाल शाईची खूण, खाट संडासाशेजारची, जेवणाचे ताट दारातच. ऑपरेशन यादीत शेवटचे, आणि तेही पुढच्या आठवड्यावर. जांघेतून छेद घेऊन वृषण काढण्याची ही शस्त्रक्रिया. ती लांबवण्यात कसलेच शहाणपण नव्हते. त्यात आपल्या देशात क्षयही वृषणाशी गाठ करतो. एचआयव्हीचा रुग्ण म्हणजे क्षयच असणार, असे धरून कितीजणांना नुसत्या टीबीच्या गोळ्या मिळाल्या आणि सेमिनोमा पोटातल्या गाठींपर्यंत चढला! याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

२००१मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी एचआयव्हीवरची तिन्ही औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. १ एप्रिल २००४पासून सरकारने हा औषधोपचार, म्हणजे एआरटी, मोफत सुरू केला, मुंबईत जे. जे. रुग्णालयात. तेव्हाच्या गोळ्यांतली झिडोव्हुडिन किमोबरोबर रक्त फार उतरवी. ती बदलून घ्यावी लागे, आणि त्यासाठी दोन खात्यांच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलावे लागे. जिथे ते बोलले तिथे काळ्या कागदातली पूर्ण बाटली या रुग्णांनाही लागली. २०१७च्या कायद्याने तर एचआयव्हीमुळे उपचार नाकारणे बेकायदा ठरवले.

एआरटी घेणाऱ्या माझ्या भावांनो, वृषणात टणक गाठ हाताला लागली, ती दुखत नसली तरी, लाजू नका. सोनोग्राफी करून घ्या, दोन्ही डॉक्टरांना दोन्ही आजार सांगा, आणि डोस कमी केला तर का केला, ते विचारा.