समाजलाभ-नियोजन, संशोधनप्रकल्पांचे

संशोधनासाठी अनुदान मागतानाच त्या कामाचा समाजाला आणि शिक्षणाला काय उपयोग होईल हे ठरवून त्यासाठी माणसे, पैसा व मुदत राखून ठेवण्याची पद्धत. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९७ मध्ये वैज्ञानिक गुणवत्तेच्या जोडीला व्यापक सामाजिक परिणाम ही कसोटी आणली. भारताच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे ११ मे २०२२ रोजी जाहीर केली. प्रत्येक संशोधकाने वर्षाकाठी किमान १० दिवस अशा कामाला द्यावेत, अशी त्यांत अपेक्षा आहे. एरवी प्रस्तावातला समाजलाभाचा रकाना ‘जनजागृती केली जाईल’ एवढ्यावर भागवला जातो. कोणाची, कोणत्या भाषेत, कोणाच्या पैशाने, हे मोघमच राहते.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा या विषयाचे ठळक उदाहरण ठरते. तिची जागा हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याजवळ आहे. प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये, तर सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली.

येथे समाजलाभ ही निव्वळ भलाई नाही, यंत्राचीही ती गरज आहे. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो टिपायचा असतो. अमेरिकेतील लायगोच्या लिव्हिंग्स्टन वेधशाळेला आसपासच्या जंगलातील लाकूडतोडीचा आणि रेल्वेगाड्यांचा उपद्रव झाला. म्हणजे शेजारी राजी हवेत, आणि त्यासाठी आत काय चालले आहे हे त्यांना कळायला हवे. शाळेत हे दाखवायला एक लेझर, एक अर्धपारदर्शक काच आणि दोन आरसे पुरतात. पडद्यावर प्रकाशाचे पट्टे उमटतात आणि टेबलावर टिचकी मारली की थरथरतात.

लिव्हिंग्स्टनला नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानातून विज्ञानशिक्षण केंद्र उभे राहिले. सदर्न विद्यापीठ आणि सॅन फ्रान्सिस्कोचे एक्सप्लोरेटोरियम त्यात भागीदार झाले. लायगो-इंडियातील एक प्रमुख संस्था, पुण्याची आयुका, हिच्याकडे पु. ल. देशपांडे यांच्या नावाची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. मुलांना मराठीतून विज्ञान सांगण्याचा अनुभव तिथे आयताच आहे. मात्र पुण्याहून अधूनमधून येणारे व्याख्याते आणि तालुक्यातच घडवलेले शिक्षक यांचा खर्च निराळा, फळही निराळे. प्रस्तावात पैसा दुसऱ्यासाठी आधी धरावा. रस्ते, कंत्राटे, भाड्याच्या खोल्या हे लाभ प्रकल्पामागोमाग येतातच. त्यांना नियोजन म्हणत नाहीत.