गोष्ट हात लावू देणाऱ्या म्युझियमची

आजची गोष्ट सुरू होते एका टेबलापाशी.

मागच्या विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, भाचा आणि भाचीला घेऊन मी आयुकात गेलो होतो. पुणे विद्यापीठाच्या आवारातली ही खगोलशास्त्राची संस्था त्या दिवशी सगळ्यांसाठी खुली असते. गर्दी ही एवढी! माझा प्लॅन साधा होता. दोन तासांत सगळं दाखवायचं, फोटो काढायचे आणि घरी.

पण पाच वर्षांची भाची एका टेबलापाशी बसली ती उठेचना. टेबलावर होतं काय? काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन्हीकडून काडी खुपसली की झाला जोड. तिने चौकोन केला, दाबला, तो तिरका झाला. मग त्रिकोण केला, दाबला, तो हललाच नाही.

"मामा, हा का नाही वाकत?"

मला उत्तर देता आलं नाही. "चल, पुढे दुर्बीण बघू," म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येऊन त्या काड्यांचा इतिहास वाचला, आणि स्वतःचीच लाज वाटली.

तर ऐका. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांमध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. सूत्र असं की मुलांनी विज्ञान पाठ करायचं नाही, करून बघायचं. पण गावातल्या शाळेत प्रयोगशाळा कुठून आणणार? मग जे हाताशी मिळेल त्यातूनच प्रयोग. १९७८ मध्ये पुण्यातल्या टेल्कोचा एक तरुण इंजिनिअर रजा घेऊन तिथे गेला. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस म्हणजे अरविंद गुप्ता. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना ही व्हॉल्व्हची नळी दिसली, आणि काड्यांचा हा खेळ जन्मला.

आता जरा अमेरिकेत जाऊ. 'ओपनहायमर' सिनेमा पाहिलात ना? त्यातल्या रॉबर्टचा धाकटा भाऊ फ्रँक, तोही भौतिकशास्त्रज्ञ. कम्युनिस्ट असल्यावरून १९४९ मध्ये त्याची विद्यापीठातली नोकरी गेली. तो कोलोरॅडोत गुरं पाळायला लागला आणि पुढे तिथल्या छोट्या गावातल्या शाळेत शिकवायला लागला. मुलांना घेऊन तो गावाच्या भंगाराच्या ढिगाकडे जायचा, तिथल्या यंत्रांचे भाग उचकटून विज्ञान शिकवायचा. याच फ्रँकने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्सप्लोरेटोरियम' उघडलं. जगभरच्या 'हात लावून बघा' म्युझियमांनी त्याचा कित्ता गिरवला.

म्हणजे दोन्हीकडे सुरुवात गावच्या शाळेत आणि टाकाऊ वस्तूंत. मला वाटतं, हाच मुद्दा आपण विसरतो. महागड्या वस्तूला हात लावू द्यायची भीती वाटते. माझ्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता, पण कपाटात, कुलूपबंद! काड्यांचा चौकोन मोडला तर मोडला, दुसरा करायचा. मोडायची परवानगी असेल तरच हात लावण्याला अर्थ.

२००२ मध्ये सरकारने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तोवर तो शेकडो शाळांमध्ये पोचला होता. तीस वर्षांचं काम एका निर्णयाने थांबलं. पण काड्या थांबल्या नाहीत. २००३ मध्ये गुप्ता आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले, आणि २०१४ पर्यंत तिथे खेळणी बनवत राहिले. शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे कुटुंबाच्या देणगीतून उभी राहिली. तिचं नाव 'पुलस्त्य', सप्तर्षींतला एक तारा. नावात 'पुल' आहेच, बघा!

आणि आयुकाचे संस्थापक-संचालक कोण? जयंत नारळीकर. मुलांनी सही मागितली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. एवढा मोठा शास्त्रज्ञ मुलांच्या प्रश्नांना वेळ देत होता, आणि मी दुर्बिणीची रांग गाठायला निघालो होतो.

पुढच्या रविवारी काड्यापेटी आणि नळी घेऊन भाचीकडे गेलो. आधी काड्यांचं गुल खरडून टाकलं, हे मोठ्यांचं काम बरं का. मग दोघांनी मिळून उत्तर शोधलं. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच ठेवूनही कोपरे बदलता येतात. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की कोपरेही ठरले, त्यामुळे बाजू मोडल्याशिवाय तो वाकत नाही. खिडकीतून मोबाइलचा टॉवर दिसत होता. भाचीनेच बोट दाखवलं, "मामा, त्यात पण त्रिकोण!"

तुम्ही आत्ता हा भाग ऐकताय तो कदाचित अशाच एखाद्या टॉवरवरून येत असेल. लहान मुलांना विज्ञान केंद्रात नेणार असाल तर एकच सांगतो, सगळं दाखवायची घाई करू नका. पोर जिथे थांबेल, तिथे तुम्हीही बसा.

भेटू पुढच्या भागात!